मावशी म्हणून नोंद

त्या मुलीला संस्थेत सगळे मुंगी म्हणायचे. नाव ताईंनी ठेवलेलं. पहिल्या दिवशी ती आपल्यापेक्षा मोठी पिशवी एकेक पायरी ओढत जिना चढून वर आली होती, आणि कोणी मदतीला हात पुढे केला की सरळ पिशवीवर बसायची. तेव्हा ती सात वर्षांची होती. सोबत पस्तिशीची एक बाई होती. "मी हिची मावशी," एवढं एकच वाक्य तिला इथल्या भाषेत येत होतं, आणि ते तिने कोणी न विचारता तीनदा म्हटलं. त्या दिवसापासून तीही सगळ्यांची मावशीच झाली.

संस्था म्हणजे बाथरूमच्या फरश्या विकणाऱ्या दुकानावरच्या चार खोल्या. युद्धातून जीव वाचवून, सीमा ओलांडून आलेल्या मुलांचं जे काही करता येईल ते तिथे व्हायचं. शाळेतला प्रवेश, लसी, चष्मे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कागद. पगारी माणसं तीनच, त्यांतल्या एक ताई, ज्यांनी ही संस्था सुरू केली. बाकीचा भार दर शनिवारी फुकट येणाऱ्या तज्ज्ञांवर. दातांचे एक डॉक्टर होते, कानाच्या एक बाई होत्या, एक तरुण वकील होता. आणि मुलांच्या मनाच्या डॉक्टर होत्या. ही गोष्ट त्यांची आहे.

डॉक्टरांनी बत्तीस वर्षं मोठ्या रुग्णालयात काढली होती. निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या हा जिना चढून आल्या. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, तेही आता घरीच. ते सगळ्यांना सांगायचे, "आमची ही आयुष्यात एकदाच खोटं बोलली. माझं गाणं छान झालं म्हणाली, तेव्हा." लोक हसायचे, पण गोष्ट खरी होती. न्यायालयात डॉक्टरांच्या शब्दाला वजन होतं ते त्याचमुळे. त्या कधी कोणाच्या बाजूने काही वाढवून लिहायच्या नाहीत, आणि कोणाच्या दबावाने काही गाळायच्याही नाहीत. याचा त्यांना अभिमान होता. तो थोडा जास्तच होता, असं त्या आता म्हणतात.

मुंगीला त्यांच्याकडे पाठवलं ते शाळेने. मुलगी नऊ वर्षांची झाली होती, इथली भाषा इथल्या मुलांसारखी बोलायची, गणितात पहिली यायची. पण तिच्या डोळ्यांना पापण्या उरल्या नव्हत्या. वर्गात बसल्या बसल्या ती एकेक केस उपटायची आणि वहीच्या पानांत ठेवून द्यायची. बाईंनी वही उघडली तेव्हा त्या घाबरल्या.

पहिले चार शनिवार मुंगी काहीच बोलली नाही. खोली लहान होती, पूर्वी तिथे सामान ठेवायचे. खिडकीखाली फरश्यांचे ट्रक रिकामे व्हायचे, खोक्यांचे आवाज यायचे. मुंगी जमिनीवर बसून चित्रं रंगवायची आणि डॉक्टर तिच्याशेजारी बसून वेगळं चित्र रंगवायच्या. डॉक्टरांचं चित्र मुद्दाम वाईट असायचं. पाचव्या शनिवारी मुंगीला राहवेना. "घोड्याला पाच पाय कसे?" तिने विचारलं.

"मला नीट येत नाही गं. तू शिकव."

त्या दिवशी ती बोलायला लागली. त्यानंतरच्या दोन शनिवारी तिने जे सांगितलं, ते तिने तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

मावशी तिची मावशी नव्हती. शेजारच्या घरात राहणारी बाई होती. ज्या दिवशी त्यांच्या गल्लीवर बॉम्ब पडले, त्या दिवशी आईने मुंगीला शेजारी चाळणी मागायला पाठवलं होतं. चाळणी वरच्या शेल्फावर होती. ती काढायला शेजारीण स्टुलावर चढली आणि तेवढ्यात आवाज झाला. दार उघडून बाहेर आल्या तर मुंगीचं घर नव्हतं. आई आणि लहान भाऊ आत होते. शेजारणीचा नवरा दोन महिन्यांपूर्वीच नाहीसा झाला होता, मूलबाळ नव्हतं. तिने मुंगीचा हात धरला आणि चालायला लागली. अकरा दिवस चालल्या. सीमेवरच्या चौकीत कोणीतरी म्हणालं, लहान मूल फक्त नातेवाइकासोबतच सोडतात, नाहीतर तंबूत ठेवून घेतात. तेव्हा शेजारीण म्हणाली, मी हिची मावशी.

"मग रोज जेवताना आम्ही पाठ करतो," मुंगी म्हणाली. "आजीच्या घराला किती खिडक्या. सात. मावशीच्या लग्नात मी कोणता फ्रॉक घातला. निळा. आई आणि मावशी लहानपणी कशावरून भांडायच्या. कंगव्यावरून. चुकलं तर आपल्याला परत पाठवतील. मी चुकत नाही."

"तू हुशारच आहेस."

मुंगी बराच वेळ रंगखडू सोलत बसली. मग म्हणाली, "आजीच्या घराला किती खिडक्या होत्या, खरं म्हणजे मला माहीतच नाही. पण आता मला सात खिडक्या दिसतात. निळा फ्रॉक पण दिसतो. आईचा आवाज नाही आठवत. मी खूप प्रयत्न करते तेव्हा आई मावशीच्या आवाजात बोलते."

बत्तीस वर्षांत डॉक्टरांनी पुष्कळ ऐकलं होतं, पण हे वेगळं होतं. या पोरीला जिवंत ठेवणारं खोटंच तिच्या मेलेल्या आईला जरा जरा पुसत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मावशीला भेटायला गेल्या. ती एका लॉण्ड्रीत कामाला होती, मोठ्या हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायची. मागच्या बाजूला मालकाने दिलेली अर्धी खोली, मधे दोरीवर टाकलेली फाटकी चादर, पलीकडे साबणाची पिंपं. सगळीकडे वाफ. मावशीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. डॉक्टरांना बघून तिने स्टूल पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"मुंगीने मला सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या.

मावशीने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी कोणाला सांगायला आले नाही. तुम्ही घाबरू नका."

"मी चोरली नाही तिला," मावशी म्हणाली. तिची भाषा तुटकी होती, पण हे वाक्य तिने कधीचं तयार करून ठेवलं असावं. "तिची आई मला म्हणायची, तुला मूल नाही, हिला घेऊन जा, फार बडबड करते. चेष्टेने म्हणायची. मी चोरली नाही."

"मला माहीत आहे."

"रात्री तिला झोपेत आई लागते. मी आईसारखं बोलते. पाप आहे?"

डॉक्टर नाही म्हणाल्या. पण घरी येताना त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. यजमानांना त्यांनी नावगाव न सांगता एवढंच विचारलं, की सख्खी नसलेली मावशी ही मावशी म्हणायची की नाही. ते म्हणाले, "अगं, आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, दूधवाल्याला काका म्हणतो. रक्त तपासून म्हणतो का? आयुष्यभर ज्याला मी मामा म्हणालो, तो आमचा भाडेकरू होता."

त्याच महिन्यात निर्वासितांच्या कार्यालयाची नोटीस आली. नातेवाईक म्हणून राहणाऱ्या सगळ्यांची डीएनए चाचणी होणार होती. मुंगी आणि मावशीचंही नाव यादीत होतं. सोबत संस्थेकडून मुलीबद्दल तज्ज्ञाचा अहवालही मागवला होता.

ताईंच्या खोलीत बैठक बसली. ताई, वकील आणि डॉक्टर. मुंगीने सांगितलेलं डॉक्टरांनी दोघांच्या कानावर घातलं. वकिलाने डोळे मिटून घेतले. तीस-एकतीसचा मुलगा, सतत घाईत असलेला, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं आणि दोन्ही गळकी.

"मॅडम, ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको," तो म्हणाला. "मी सांगतो काय करायचं ते. प्रयोगशाळेत रांग आहे, सहा महिने तरी नंबर लागत नाही. मी नोटिशीलाच हरकत घेतो, आणखी दोन-तीन तारखा पडतील. कायद्यात एक तरतूद आहे. मूल इथे सलग तीन वर्षं ज्याच्याकडे वाढलं, त्याला पालकत्वासाठी अर्ज करता येतो, नातं असो की नसो. दोन वर्षं चार महिने झालेत. आठ महिने ढकलायचे, बस."

"आणि मी अहवालात काय लिहू?"

"काहीच लिहू नका. खोटं लिहा असं मी म्हणतच नाही. अहवाल तयार व्हायला वेळ लागतोय, एवढंच कळवा."

"आणि आठ महिने त्या पोरीने जेवताना खिडक्या मोजायच्या?" डॉक्टरांचा आवाज चढला. "पापण्या उपटून झाल्या, आता भुवयांना हात घातलाय तिने. तुला वाटतं तितकं सोपं नाही रे हे. आज ना उद्या चाचणी होणारच. तेव्हा आपण खोटारडे ठरू आणि मग आपलं कोणीच ऐकणार नाही. त्यापेक्षा आपणच आधी खरं सांगू, पूर्ण ताकदीने. ही बाई रक्ताची नाही, पण या मुलीची आई आज तीच आहे, यांना वेगळं केलं तर मूल मोडेल. हे मी लिहिते. बत्तीस वर्षं मी हेच केलंय. माझं मत आजवर कोणी डावललेलं नाही."

"ते न्यायालय होतं, मॅडम. हे कार्यालय आहे."

"माणसंच बसतात ना तिथे?"

वकील ताईंकडे बघायला लागला. ताईंनी आयुष्यभर मुलांच्या बाजूने भांडणं केली होती, पण डॉक्टरांपुढे त्यांना नेहमी जरा दबल्यासारखं व्हायचं. "मुलीच्या तब्येतीचं डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं," त्या म्हणाल्या. "पण निदान मावशीला आणि मुंगीला विचारा."

डॉक्टरांनी विचारलं. मावशीला सगळं समजावून सांगितलं, अगदी वकिलाचं म्हणणंसुद्धा. मावशी म्हणाली, "तुम्ही मोठ्या डॉक्टर आहात. तुम्हाला बरोबर वाटतं?" डॉक्टर हो म्हणाल्या. "मग लिहा," मावशी म्हणाली.

शनिवारी त्यांनी मुंगीला विचारलं. मुंगीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न केला.

"लिहिलं की मावशी माझ्याजवळ राहील?"

या प्रश्नाला खरं उत्तर 'माहीत नाही' असं होतं. डॉक्टरांना ते तेव्हाही माहीत होतं. पण समोर बिनपापण्यांचे दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "राहील."

अहवाल नऊ पानांचा झाला. डॉक्टरांनी तो तीनदा लिहिला. मावशी मुलीचे केस कसे विंचरते, मूल आजारी पडलं तेव्हा ती दोन दिवस इस्त्रीच्या टेबलाखाली तिला घेऊन कशी बसली होती, मुलगी घाबरली की आधी कोणाकडे बघते, हे सगळं त्यात होतं. ताईंनी वाचला तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली. वकिलानेही वाचला. "फार चांगलाय मॅडम," तो म्हणाला आणि चौथ्या पानावरच्या दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून थोडा वेळ तसाच बसला. मग त्याने अहवाल पाकिटात घातला.

सुनावणी एका बुधवारी सकाळी होती. खोलीत एक टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अधिकारी बाई चाळिशीच्या, बोलायला मऊ. त्यांना सर्दी झाली होती आणि त्या थर्मासमधलं गरम पाणी पीत होत्या. त्यांनी डॉक्टरांना उठून नमस्कार केला.

"तुमचा अहवाल मी दोनदा वाचला, डॉक्टर. इतकं मन लावून कोणी लिहीत नाही हो."

डॉक्टरांना हायसं वाटलं. त्यांनी वकिलाकडे एक नजर टाकली.

"पान चार, परिच्छेद दोन," अधिकारी बाई म्हणाल्या. "ही बाई मुलीची मावशी नाही. नात्याने कोणीच नाही. हे तुम्हाला मुलीनेच सांगितलं?"

"हो. पण त्याचा अर्थ पुढच्या पानांवर—"

"पुढचंही वाचलंय मी. ते तुमचं मत आहे, ते मी आदराने नोंदवून घेते. पण हे तथ्य आहे. मला तथ्यावर चालावं लागतं. आता चाचणीचीही गरज उरली नाही."

मावशीला बोलायची परवानगी मिळाली. दुभाषा फोनवर होता, कुठल्यातरी दुसऱ्या शहरात बसलेला, त्याच्यामागे रस्त्याचा आवाज येत होता. मावशी उभी राहून बोलायला लागली. चाळणी, स्टूल, दार, अकरा दिवस. ती थांबली तरी फोनमधून काही येईना. वकिलाने "हॅलो, हॅलो" केलं. लाइन तुटली होती. परत लागली तेव्हा दुभाषा म्हणाला, "शेवटचं मला ऐकू आलं नाही. त्या म्हणतात, त्यांनी मुलीच्या आईला चाळणी दिली होती." अधिकारी बाईंनी तेवढं लिहून घेतलं.

"हे असं होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? हे मूल एकदा घरासकट आई गमावून बसलंय. त्याला तुम्ही दुसऱ्यांदा तेच करणार?"

"डॉक्टर, बसा." अधिकारी बाईंनी रुमालाने नाक पुसलं. "मला दोन मुली आहेत. मला कळत नाही असं समजू नका. पण या बाईंनी सीमेवर खोटं लिहून दिलंय. आज मी हे सोडलं, तर उद्या मुलं पळवणारा प्रत्येक जण मावशी आणि काका होऊन येईल. त्यांच्यात आणि हिच्यात फरक कसा करायचा, सांगा मला."

"त्यासाठीच तर मी आहे ना," डॉक्टर म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी फाइल मिटली. निकाल आठवड्याभरात आला. खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवल्याबद्दल त्या बाईला चौदा दिवसांत परत पाठवायचं होतं. नातेवाईक नसलेलं मूल म्हणून मुलीला सरकारी बालगृहात हलवायचं होतं, चार तासांवरच्या शहरात. संस्थेला मुलं ठेवून घ्यायचा परवाना नव्हता. वकिलाने तीन दिवसांत अपील दाखल केलं. ते दोन ओळींत फेटाळलं गेलं. "मी म्हणालो होतो," असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

मुलीचा ताबा संस्थेतच द्यायचा ठरलं. बालविभागाच्या दोन बायका सकाळी नऊला येणार होत्या. मावशी साडेसातलाच मुंगीला घेऊन आली. तिने मुंगीचा एकूण एक कपडा इस्त्री केला होता, मोजेसुद्धा, रुमालसुद्धा. मुंगीला ताईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती रडली नव्हती. ती फक्त विचारत होती की हे किती दिवसांसाठी आहे.

मावशीने तिला मांडीवर घेतलं. नऊ वर्षांची मुलगी, पाय खाली लोंबत होते. मावशी त्यांच्या भाषेत बोलत होती, हळू, एकेक वाक्य. काय बोलली ते ताईंनी नंतर विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

"मी म्हणाले, खिडक्या मी बनवल्या. फ्रॉक मी बनवला. ते सगळं विसर. तुझी आई हसायची तेव्हा तोंडावर हात धरायची, कारण तिचा पुढचा दात तुटला होता. हे मी डोळ्यांनी बघितलंय. हे खरं आहे. हे ठेव."

गाडी आली. मुंगीने आपली पिशवी स्वतःच उचलली. दाराशी डॉक्टर उभ्या होत्या. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या, काय बोलायचं ते त्यांनी मनात घोकून ठेवलं होतं. मुंगी त्यांच्यासमोर थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकल्यावर मूल वहीत बघतं, तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

"तुम्ही नीट लिहिलं नव्हतं का?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. हो की नाही, हे त्यांनाच कळलं नाही. जिन्यावरून पिशवी उतरल्याचा आवाज आला, मग गाडीचं दार. मागे वळून बघितलं तर मावशी जमिनीवर बसली होती. तिने ओरडावं, आपल्याला शिव्या द्याव्यात, असं डॉक्टरांना वाटलं. मावशी म्हणाली, "तुम्ही चांगल्या मनाने केलं." एवढं बोलून ती कामावर गेली. त्या दिवसाच्या चादरी तिने पूर्ण केल्या.

पाच दिवसांनी तिलाही नेलं. सीमेपलीकडच्या एका गावातून तिने तीन आठवडे फोन केले, कधी वकिलाला, कधी ताईंना. डॉक्टरांना केला नाही. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, मुंगी जेवते का. मग तो नंबर बंद झाला. वकील अजूनही सोमवारी सकाळी एकदा लावून बघतो.

डॉक्टर बालगृहात गेल्या त्या दीड महिन्याने. आधी परवानगीच मिळत नव्हती. यजमान सोबत आले होते. बसमध्ये चार तास ते रस्त्यातल्या नद्यांबद्दल काहीबाही बोलत राहिले, कारण गप्प बसलेली बायको त्यांना बघवत नव्हती. बालगृह स्वच्छ होतं. भिंतींना नवा रंग होता, मुलींच्या वेण्या घट्ट होत्या. भेटीच्या खोलीत ते दोघं बाकावर बसले. मुंगी आली आणि समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली. तिने मान वर केली नाही, त्यामुळे पापण्या परत आल्या की नाही ते दिसलं नाही.

"कशी आहेस?"

"बरी आहे, मॅडम."

"शाळा?"

"बरी आहे, मॅडम."

यजमानांनी खिशातून घडीचा नकाशा काढला, तिच्यासाठी आणला होता. तिने घेतला, थँक्यू म्हणाली, उघडला नाही. डॉक्टर पुढे वाकल्या.

"मुंगी, मावशीला तुझी फार आठवण येते. तुझी चौकशी करत होती. मी चुकले बाळा. सगळी चूक माझी होती, तुझी काहीच नव्हती. तू जे बोललीस त्याने काही झालं नाही. मी—"

"ती माझी मावशी नव्हती," मुलगी म्हणाली. स्वच्छ, सपाट आवाजात. "ती माझी कोणीच नव्हती. इथल्या कागदावर लिहिलंय. मला वाचून दाखवलं."

"तसं नाही गं—"

"माझं नाव मुंगी नाहीये, मॅडम." मग तिने आपलं खरं नाव सांगितलं, शाळेत उभं राहून सांगतात तसं, आडनावासकट. वेळ संपायला अजून वीस मिनिटं होती, पण तिने आत जाऊ का असं विचारलं, आणि डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं.

परतीच्या बसमधून उतरताना यजमानांनी डॉक्टरांचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर डॉक्टर दोनदा गेल्या. एकदा मुलीला ताप होता, भेट झाली नाही. दुसऱ्यांदा ती बाहेर यायला नको म्हणाली, आणि मुलावर जबरदस्ती करता येत नाही, असं तिथल्या बाईंनी डॉक्टरांना समजावून सांगितलं. डॉक्टरांनी स्वतः कितीतरी पालकांना हेच वाक्य सांगितलं होतं.

संस्थेत त्यांनी राजीनामा द्यायचा प्रयत्न केला. फुकट काम करणाऱ्याचा राजीनामा कसला, ताई म्हणाल्या, आणि यादी पुढे केली. यादीत चौदा मुलं होती. दोन भाऊ होते, मोठा गेले सहा महिने बसून झोपत होता. एक मुलगी होती, ती फक्त कुत्र्यांशी बोलायची.

"माझ्याकडे का पाठवता? मी काय केलंय ते दिसतंय ना तुम्हाला?"

"दुसरं कोणी नाहीये, डॉक्टर," ताई म्हणाल्या. त्यात समजूत घालण्याचा सूर नव्हता. खरंच दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टर अजून दर शनिवारी येतात. गुडघे दुखतात, जिना चढताना मधे दोनदा थांबतात. नव्या मुलाला त्या आता सगळ्यात आधी सांगतात, की तू मला काही सांगितलंस तर त्याने तुझं भलं होईल की नाही, मला माहीत नाही. काही वेळा त्याने वाईटही होतं. मूल लहान असेल तर सोप्या शब्दांत सांगतात, पण सांगतात. ताईंना हे पटत नाही. वकिलाला पटतं.

हे ऐकल्यावर बरीचशी मुलं गप्प होतात ती गप्पच राहतात. डॉक्टर कागद आणि रंग पुढे सरकवतात आणि तासभर शेजारी बसतात. खाली फरश्यांचा ट्रक रिकामा होत असतो. तास संपला की मूल उठून जातं, आणि त्या दारातून पुढच्याला हाक मारतात.